तीन ठेकेदार आणि एक जमनाबाई

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. आम्ही सिस्टर लोक जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की आधी किस्से निघतात, मग भाजी. दवाखाना हिंगोली जिल्ह्यात कुठला, ते सांगत नाही. माझी नोकरी अजून बाकी आहे!

आमच्याकडे डॉक्टर आणि नर्स सरकारी, बाकी सगळं ठेक्यावर. झाडू एकाचा, धुलाई दुसऱ्याची, गेट तिसऱ्याचं. तांड्यावरची जमनाबाई सोळा वर्षं आमच्या वॉर्डात झाडू-पोछा करायची. झाडूच्या पहिल्या ठेकेदारानं तिला निळी साडी दिली, दुसऱ्यानं हिरवा एप्रन. बाई तीच, बादलीही बहुतेक तीच.

* * *

हिरव्या एप्रनवाल्या कंपनीचा सुपरवायझर नांदेडला बसायचा. साफसफाई झाली हे त्याला मोबाईलवर दाखवायचं. दोन फोटो, एक आधीचा आणि एक नंतरचा. जमनाबाईला सवय अशी की सकाळी आली की पहिले फरशी पुसायची, फोटो मग आठवायचा.

सुपरवायझरचा फोन आला, "घाणीचा फोटो न्हाई, म्हणजे काम झालंच न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती डबीत चहाचा चोथा घेऊन यायला लागली. पुसलेल्या फरशीवर चोथा टाकायचा, फोटो काढायचा, परत झाडायचं, परत फोटो. मी म्हटलं, "जमनाबाई, हे काय?"

"काय करू सिस्टर? तेन्ला घाण पाहिजे, मंग घरून आणून राहिले."

* * *

चादरी धुवायला परजिल्ह्यात जातात. येताना कोणाच्या येतील, नेम नाही. एकदा गठ्ठा सोडला तर सगळ्या लहान मुलांच्या वॉर्डाच्या, हत्ती आणि फुगे छापलेल्या. डोंगरकडा गावचे एक उंचेपुरे आजोबा आमच्याकडे ॲडमिट होते. म्हणाले, "सिस्टर, पाय झाकू का छाती, तेवढं सांगा."

धुलाईवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "नग बराबर हायेत ना? मग तक्रार कशाची?"

जमनाबाईनं सुई-दोरा आणला आणि दोन चादरी जोडून आजोबांना एक केली. आजोबा दोन दिवस सुखानं झोपले. ती जोडलेली चादर धुवायला गेली तेव्हा धुलाईवाल्यानं लेखी कळवलं, एक चादर कमी आली आहे. खुलासा मी दिला, तीनदा.

* * *

गेटवर गार्ड रफिकभाई. वॉर्डबॉयची जागा रिकामी, आणि गार्डनं स्ट्रेचरला हात लावायचा नाही असं त्यांच्या कंपनीचं फर्मान. वसमतकडून एक जखमी ऑटोतून आला. रफिकभाईंनी टोपी आणि पट्टा खुर्चीवर काढून ठेवला, स्ट्रेचर ढकलत जखमीला थेट आत आणलं. माणूस वाचला.

कंपनीनं कॅमेऱ्यात पाहून विचारलं, गेट काहून सोडलं?

"सोडलं कुठं साहेब? गार्डची टोपी गेटवरच होती की."

आम्ही खूप हसलो. रफिकभाईंना ताकीद देणारं समजपत्र आलं, तेव्हा हसणं थांबलं.

* * *

मग झाडूचा तिसरा ठेकेदार आला. म्हणाला, अनुभव असलेल्याच बाया घेऊ, दाखला आणा.

जमनाबाई आमच्या ऑफिसात गेली. क्लार्क म्हणाला, "तुमी आमच्या कर्मचारी न्हाई, ठेकेदाराच्या. त्यांच्याकडून घ्या." पहिल्या ठेकेदाराचं ऑफिसच उरलं नव्हतं, दुसऱ्याचा फोन बंद. मी साध्या कागदावर लिहून दिलं की ही बाई सोळा वर्षं माझ्यासमोर काम करते आहे. नव्या सुपरवायझरनं तो कागद वाचला, घडी घातली आणि मलाच परत दिला. "सिस्टर, तुमाला अधिकार न्हाई."

खरं होतं. मला नव्हताच. जमनाबाईला काढलं, आणि तिच्या जागी एक नवी बाई आली. तिच्याकडे दाखला होता.

* * *

दोन महिन्यांनी जमनाबाई सुनेला घेऊन आली, बाळंतपणाला. बाळ सुखरूप झालं, मुलगी. आजीला मीच आत बोलावलं. लेबर रूमच्या फरशीवर रक्त-पाणी तसंच, आणि पुढची बाई बाहेर बाकावर कळा सोसत बसलेली. नव्या बाईला कंपनीनं त्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं होतं, तिथं तपासणी होती म्हणून. मी फोनवर फोन करत होते.

जमनाबाईनं नातीला माझ्या हातात दिलं, कोपऱ्यातली बादली ओढली आणि गुडघ्यावर बसली. मी म्हटलं, "अहो, तुम्ही आता पेशंटच्या नातेवाईक. राहू द्या."

"बाकावरच्या त्या पोरीला कुठं टेकवता मंग?"

मला लाज वाटली, पण मी नातीला घेऊन बाजूला सरकले. पुढच्या बाईला वेळ नव्हता.

फरशी पुसून होत आली तेवढ्यात नवी बाई धापा टाकत पोचली. दारातच थबकली.

"मावशी, तुमी कोण्या कंपनीच्या?"

जमनाबाईनं फडकं पिळलं. "कोण्याच न्हाई, माय. सिस्टरच्या हातात हाय ना, तिची आजी हाय मी."

"मंग बाहेर बसा," नवी बाई म्हणाली. "नातेवाईकाला आत येऊ देत न्हाईत."