चित्रात नसलेली पाठ

धाराशिवच्या रशीदा आपांची आणि माझी पहिली भेट एका चित्रासमोर झाली. अणदूरहून एसटीने येऊन मी त्यांच्या शिवणवर्गात शिरले, तेव्हा आपा टाचण्यांची डबी हातात घेऊन भिंतीवरच्या फ्रेमपुढे येरझारा घालत होत्या. माझे नाव न विचारता म्हणाल्या, "हिची पाठ कशी असंल, सांग बरं?"

शाईच्या मोजक्या रेषांत उभी असलेली ती उंच बाई. अंगात फिकट निळा पायघोळ गाऊन, कमरेशी घट्ट, एका खांद्यावरून चुण्या खाली उतरलेल्या. आपांच्या मावशी तरुणपणी हैदराबादला एका फॅशन डिझायनरकडे शिवणकाम करत. त्या काळात त्या डिझायनरने काढलेले हे चित्र मावशींनी आपांना दिले. त्यात फक्त समोरची बाजू होती. मागची कुणीच काढली नव्हती, आणि आपांना ते स्वस्थ बसू देत नव्हते. गणवेश, शरारे, ब्लाउज शिवून झाले की उरलेल्या कापडावर त्या तोच गाऊन बेतत आणि उसवत.

माझी मुलगी तापाने फणफणली, तेव्हा वर्ग बंद करून आपा दवाखान्यात थांबल्या होत्या. तिथेही त्यांना नुसते बसवले नाही. नर्सबाईंच्या ॲप्रनची उसवलेली बाही त्यांनी शिवून टाकली.

मग माकणीची महादेवी आली. लहानपणापासून तिच्या पाठीला बाक होता, त्यामुळे एक खांदा उंच. लग्नाच्या रिसेप्शनसाठी तिला चित्रातलाच गाऊन हवा होता. आई म्हणाली, "वरून शाल टाकू, झाकून जाईल." महादेवी ताडकन म्हणाली, "झाकायचंच असंल तर मला काहीच नको."

आपांनी गाऊन बेतला, उसवला, पुन्हा बेतला. लग्न तोंडावर आले. माझा धीर सुटला. "आपा, आता पुरे करा."

"पुरे कसं? कापडानं पोरीच्या मागं जायचं. पोरीनं कापडाच्या मागं न्हाय."

शेवटी त्यांनी डावी आणि उजवी बाजू वेगवेगळ्या मापाने कापल्या आणि उंच खांद्यावरून चुण्या त्या बाकाबरोबरच वळवत नेल्या. महादेवीने दुसरा आरसा मागितला. बराच वेळ मागे पाहत राहिली. म्हणाली, "माझी पाठ म्या आजवर बघितलीच नव्हती."

रिसेप्शनला ती खुर्चीला टेकून बसलीच नाही. पाहुण्यांत मोकळी हिंडत होती. आपा मात्र जेवणाचे ताट तसेच ठेवून दुरून पुटपुटत होत्या, "डावीकडं एक चुणी जास्त झाली."

आज आपा पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, आणि काल सकाळीच त्यांनी मला फोन करून एका कॉलरवरून झापले आहे. आपा, तुम्हाला शंभरी लाभो, नजर तीक्ष्ण राहो, गुडघे साथ देवोत. निवांतपणा मात्र मी तुमच्यासाठी मागत नाही. तो तुम्हाला मानवायचा नाही.