खिळ्यावरचा गजरा

उडुपीजवळच्या आमच्या शंकरपुऱ्यात ज्यांच्या अंगणात मोगरा, त्यांच्या बायकांच्या डोक्यात फूल दिसायचं नाही. उजाडायच्या आत कळ्या खुडायच्या, मांडीवर घेऊन केळीच्या दोऱ्यात बांधायच्या आणि व्यापाऱ्याची गाडी यायच्या आधी टोपलीत भरायच्या. आमच्या शेजारची कार्मिन कास्तेलिनो लग्न होऊन आली तेव्हापासून हेच करत होती. एखादा गजरा आपणच माळावा, असं तिच्या मनातही येत नसे.

साठी ओलांडल्यावर तिचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. बांधायचं काम मांडीवरचं, ते जमे. पण खुडणं नवऱ्यावर, बोनिफासवर आलं आणि तिचे केस विंचरणं माझ्यावर. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून परतताना मी रोज तिच्याकडे थांबे.

उडुपीच्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला होता. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी कोळ्यासारखं वर वर चढायचं. जरा वर गेलं की कळ येई आणि कार्मिन हात खाली घेई.

"केलास का व्यायाम?" बोनिफास विचारी.

"केला की."

"भिंतीनं पाहिला का?"

"मग भिंतीलाच विचारा!"

तो चिडे. "हात कायमचा असाच राहील, मग बस रडत. हिल्डाबायना काय जन्मभर तुझे केस विंचरायला लावणार आहेस?"

असं ऐकलं की ती थोडे दिवस भिंतीपाशी जाई. पण भीती लवकर शिळी होई; कळ मात्र रोज ताजी.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी, माझा कंगवा तिच्या केसांत असतानाच, बोनिफासने भिंतीवर तिच्या खांद्याच्या जरा वर खिळा ठोकला आणि बांधलेल्यातला एक गजरा त्याला अडकवला.

"अहो, दर चढलाय सध्या!" कार्मिन ओरडली.

"चढू दे. हात पोचला तर गजरा तुझा. नाही पोचला तर गाडीत."

"मी काय माकड आहे, केळं दाखवायला?"

"माकड एव्हाना चढलं असतं."

मला हसू फुटलं, तिलाही. हसता हसताच तिची बोटं भिंतीवर चढू लागली. ओठ दाताखाली धरून तिने गजरा काढला. हात डोक्यामागे जाईना, म्हणून बोनिफासनेच तो माळला. त्याची जाड बोटं. दोन कळ्या मोडल्या, पिन टोचली. "आई गं!" म्हणाली, पण मान जराही हलवली नाही.

खिळा हळूहळू वर सरकू लागला. भिंतीला भोकं पडली. पण एकदा बोनिफासला घाई झाली आणि त्याने तो एकदम वीतभर वर ठोकला. कार्मिनने जिद्दीने हात ताणला आणि कळवळून खालीच बसली. त्यानंतर ती भिंतीकडे फिरकेना. गजरा खिळ्यावरच सुकून गेला.

काही दिवसांनी बोनिफास मुकाट्याने खिळा खाली घेऊ लागला.

"एवढा खाली? मला काय म्हातारी समजलात?"

"म्हातारी कसली! चुकलं माझंच. तुझा हात इथवर येत होता, तेवढा मला पुरे आहे."

त्याने खाली घेतलेल्या खिळ्याला ताजा गजरा अडकवला. दुसऱ्या दिवशी मी मिस्साहून येताना बोनिफास फाटकाशीच उभा होता. "हिल्डाबाय, खिळा रिकामा आहे!"

नाताळच्या आधी एका सकाळी मी कंगवा घेऊन गेले, तर कार्मिनचे केस विंचरलेले, अंबाडा घातलेला.

"कुणी घातला गं?"

तिने डोळे वटारून मला गप्प केलं. मग उजवा हात अलगद डोक्यामागे नेऊन दाखवला. चेहऱ्यावर कळ उमटली आणि मागोमाग हसू. लगेच हात खाली घेऊन तिने गजरा मांडीवर ठेवला आणि अंगणाकडे हाक मारली, "अहो, येताय ना? माझा हात पोचत नाही!"

बोनिफास हातातली टोपली ठेवून, बोटं पंच्याला पुसत आत आला.

"पोचेल गं," तो म्हणाला, "घाई काय आहे?"

मी कंगवा पिशवीत टाकला आणि घरी निघाले.