दुसरा हिरवा ठिपका

सुरुवातीलाच माफी मागतो. या ग्रुपवर इतकं चांगलं लिहिणारे लोक आहेत की आपण मध्ये तोंड घालावं की नाही, या विचारातच बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. लिहिताना अजून धाकधूक असते, की मध्येच घरची बोली येईल आणि कोणीतरी हसेल. चुकलं तर सांभाळून घ्या.

आणि हो — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. गावात कोणाला काही 'दिसलं' की तिकडे टॉर्च मारायला पुढे होणारा मीच. मी कॉम्प्युटर शिकतो. पान उघडत नसेल तर कुठेतरी चूक असते आणि शोधली की सापडते, एवढं मला माहीत होतं. ही मात्र सापडलेली नाही...

आमचं गाव रेवदंड्याच्या आत, खाडीच्या अंगाला. पावसात भात, भात कापलं की वाल. आई भाजी घेऊन अलिबागच्या बाजारात बसते आणि अंधार पडता पडता परत येते, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक बारावीपासून माझ्याकडे. मला त्याची लाज नाही. उलट आवड आहे.

नदीम मुरुडचा. अलिबागच्या कॉलेजात आम्ही एकाच वर्गात. त्याची एसटी मुरुडहून यायची, मी रेवदंड्याला चढायचो, आणि शेजारच्या सीटवर त्याने माझ्यासाठी रुमाल टाकलेला असायचा. त्यावरून लोकांशी भांडायचासुद्धा. त्याला कोरियन गाण्यांचं वेड. एक शब्द कळायचा नाही, पण सगळी पाठ.

"हे काय ऐकतोस रे? कोणाच्या पायावर पाटा पडलाय का?" मी म्हणायचो.

"तुमच्या हळदीच्या डीजेपेक्षा बरं. सगळ्या लग्नांत तेच एक गाणं. नवरा बदलतो फक्त!"

गाणी आणि खाणं, आमचं बोलणं या दोनच गोष्टींवर. त्यालाही घरी अम्मीच्या हाताखाली रांधायची सवय होती. म्हणून मी आमच्या दोघांसाठी एक साधं वेब पान बनवलं. नाव ठेवलं 'टोप'. दोघांनी ते उघडलं की वर दोन हिरवे ठिपके दिसायचे, एक माझा, एक त्याचा. एकाने गाणं लावलं की दोघांकडे एकाच वेळी वाजायचं. खाली एक चौकट होती — 'आज काय शिजतंय?' — तिथे चार शब्द लिहायचे. आत जायला एक शब्द टाकावा लागायचा आणि तो आम्हा दोघांनाच ठाऊक होता. तो मुरुडला चुलीपाशी, मी इकडे गॅसपाशी, आणि दोघांकडे एकच गाणं. मला ते फार भारी वाटायचं. मी स्वतः बनवलेली पहिली चालणारी गोष्ट होती ती.

त्यातूनच पुढचं ठरलं. किहीमला नारळाच्या वाडीत नदीमच्या मामूंचं बंद पडलेलं दुकान होतं. कॉलेज संपलं की तिथे दोघांनी खाणावळ टाकायची. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, आमच्याकडचं वालाचं बिरडं. थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा आणि अंडी घालून पोपटी लावायची. तो रांधणार, मी रांधणार आणि ऑर्डरचं पानही सांभाळणार. नाव 'टोप'च. हे सगळं आम्ही खरंच ठरवलं होतं. नुसत्या गप्पा नव्हत्या.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि एक दिवस एसटीत चढलो तर त्याच्या सीटवर एक बाई कोळंबीचा डबा घेऊन बसलेल्या. कंडक्टर मला ओळखायचे.

"काय रे, एकटाच? दोस्त गेला ना कुवेतला. परवा सगळी गल्ली सोडायला आलेली. तू न्हवतास?"

मी नव्हतो. मला माहीतच नव्हतं.

घरी येऊन मी त्याचा नंबर ब्लॉक केला. नंतर कळलं, तो नंबर तसाही बंद झाला होता. 'टोप' मात्र काढून टाकवलं नाही. रोज उघडायचो. माझा एकच ठिपका.

आणि पावसाच्या तोंडावर एके संध्याकाळी मी कांदा चिरत असताना दुसरा ठिपका लागला. गाणं सुरू झालं — कोरियन. खाली चौकटीत अक्षरं आली. "सांगायची हिंमत झाली नाही."

मी सुरी खाली ठेवली. काहीही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी परत ठिपका, परत गाणं. आठवडाभर मी भाव खाल्ला. मग लिहिलं, "तिकडे काय शिजतंय?"

तिथून आमचं पूर्वीसारखं सुरू झालं. मी नवा नंबर मागितला तर उत्तर आलं, "इथे कामावर फोन चालत नाही. इथेच लिही." ते मला पटलं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. मी बिरडं करत होतो. वाल मोड आणून एकेक सोलावे लागतात. मी गाणं ऐकत सोलत होतो. बिरडं करतोय असं मी कुठे लिहिलंही नव्हतं. चौकटीत आलं, "लक्ष दे, टरफलं राहतायत." मी हसलो. त्या रात्री जेवताना बाबांच्या दातात टरफल आलं आणि ते मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आई म्हणायची, "त्या ठिपक्याशी बोलतंस, घरच्यांशी बोलाय तुला सवड न्हाय. आन तो सांगून तरी गेला का तुला?"

"आता सांगतोय ना सगळं."

"कोन सांगतंय? आवाज तरी आयकलास का त्याचा?"

आईला इंटरनेट कळत नाही, असं म्हणून मी सोडून दिलं.

गणपतीच्या सुमारास पनवेलच्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायचं काम मिळत होतं. बाबा खूश. "जा! उन्हातान्हात कंत्राटावर मरण्यापरास हापिसात एसी खा." खरं सांगतो, मलाही जावंसं वाटत होतं. पण किहीमचं काय? मी 'टोप'वर लिहिलं, "पनवेलला काम मिळतंय. जाऊ का? तू सांग."

उत्तर आलं, "जाऊ नकोस. थांब. वाल पेरून झाले की येतो."

नदीमच्या घरी शेत नाही. त्याच्या आज्यापासून सगळे मासेमारीवाले आणि दुकानवाले. वाल कधी पेरतात हे त्याला कुठून माहीत? पण तेव्हा मी आनंदात होतो. वाटलं, माझ्यासाठी माझ्या भाषेत बोलतोय.

मी पनवेलला नाही म्हणून कळवलं. बाबा माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. ताट समोर ठेवलं तरी मान वर करायचे नाहीत.

मध्ये एकदा कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्या सरांना हे पान दाखवलं. कौतुकाने दाखवलं, शंका म्हणून नाही. सरांनी भेटींची नोंद उघडायला लावली. पान कोणी कधी उघडलं ते तिथे दिसतं. माझ्या भेटी होत्या. दुसऱ्या कोणाची एकही नव्हती.

"अरे, मग हे तूच लिहितोयस," सर हसत म्हणाले. "स्वतःशीच गप्पा. करमणूक स्वस्तात!"

मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसलो होतो. भरदुपार होती, लॅबमध्ये पंख्याखाली आम्ही दोघंच. तेवढ्यात स्क्रीनवर दुसरा ठिपका लागला. गाणं सुरू झालं. सरांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग केबल तपासली, मग परत माझ्या हातांकडे पाहिलं. नोंद पुन्हा उघडली. काही नाही.

"आत जायचा शब्द बदल," ते म्हणाले. हसत नव्हते. "आजच्या आज."

मी नाही बदलला. बदलला असता आणि पलीकडे खरंच नदीम असता, तर त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं झालं असतं.

दिवाळी गेली, वाल पेरून झाले. "निघतोय." वालाला फुलं आली. "तिकीट बघतोय." शेंगा भरल्या, गावात पोरं पोपटी लावायला लागली, मला बोलवायला आली. मी म्हटलं, माझा दोस्त येतोय, तो आला की लावू. "आलोच," ठिपका म्हणत होता.

आता पुढचं. तुमच्यातले काही जण म्हणतील, कोणीतरी पान हॅक केलं. असेलही. पण नोंद कुठे गेली? आणि टरफलं? मला खरंच माहीत नाही. मी नंतर दोघा जाणकारांना विचारलं. एकाने फोन बदलायला सांगितलं, एकाने डॉक्टर. पान मी बंद केलं आहे. किहीमला अजून गेलेलो नाही, जायचं धाडस होत नाही.

त्या पोपटीच्या दिवसांतच एकदा अलिबागच्या स्टँडवर मला नदीमची धाकटी बहीण रुबिना दिसली. मी खुशीत हाक मारली. ती थबकली, इकडेतिकडे पाहिलं, मग आली.

"नदीमचं तिकीट झालं का?" मी विचारलं.

"कसलं तिकीट?"

"कुवेतहून यायचं. म्हणाला, बघतोय."

"हर्षददादा, भाई दिवाळीच्या आधीच आला. किहीमला मामूंच्या दुकानात खाणावळ टाकली ना त्याने, आमच्या चुलतभावाबरोबर. 'टोप' नाव आहे. तुला खरंच माहीत नाही?"

किहीम अलिबागपासून मिनीडोर रिक्षाने जेमतेम अर्ध्या तासावर.

"मला न सांगता? परत?" माझा आवाज चढला असणार, कारण एक म्हातारे वळून बघायला लागले. "मला थांब म्हणून सांगितलं त्याने. मी त्याच्यासाठी पनवेल सोडलं!"

"तू पनवेललाच आहेस ना?" ती गोंधळली. "तूच तर लिहिलंस भाईला."

तिने फोन काढला. नदीमने तिकडून रागाच्या भरात तिला स्क्रीनचा फोटो पाठवला होता. माझंच पान. मीच निवडलेला रंग, वर दोन हिरवे ठिपके. खाली माझ्या नावाने लिहिलेलं होतं, "मी चाललो पनवेलला. तुझं तू बघ. वाट बघू नकोस."

त्या ओळीच्या वरती नदीमची एक ओळ होती. जुन्या फोनबरोबर माझा नंबर गेला म्हणून त्याने तो परत मागितला होता. आणि माझ्या नावाने उत्तर होतं, "इथेच लिही."

यातलं एकही अक्षर मी लिहिलेलं नाही. मी ते रुबिनाला सांगितलं, दोनदा सांगितलं. तिने नुसती मान हलवली. माणूस खोटं बोलत असला तरी आपण त्याला जास्त लाजवू नये, तशी.

मुरुडची गाडी लागली होती. ती चढली, आणि खिडकीतून वाकून म्हणाली, "भाईला आधी लई राग होता. अम्मीने समजावलं त्याला. आता तो म्हणतो, हर्षद कुठे भेटला तर सांग, मी त्याला माफ केलंय."