व्हॅलेरीची तक्रार

वसईच्या गास गावचा युस्टेस तुस्कानो बहारिनला आला तेव्हा त्याच्या मिशीला कलप लावायची गरज नव्हती. आता त्याला एकसष्टावं चालू होतं. राजधानी मनामातल्या एका हॉटेलात तो बँक्वेटचा सुपरवायझर होता. लग्नं, साखरपुडे, कंपन्यांच्या जेवणावळी, सगळं त्याच्या डोक्यावर. पाहुणा चिडला की मान खाली घालायची आणि पुढचं ताट न्यायचं, एवढ्यावर त्याने एकतीस वर्षं काढली होती. "आपण इथे व्हिसावर आलोय, वारसाहक्काने नाही," असं तो नव्या पोरांना सांगायचा.

उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटमध्ये सकाळच्या चहाबरोबर अमेरिकेतली भाषणं ऐकायची सवय त्याला मुलीमुळे लागली. व्हॅलेरी ही एकुलती एक. बहारिनमध्येच वाढली, आणि आता अमेरिकेतल्या एका लहान शहरात नर्स होती. तिच्या राज्यात निवडणूक होती आणि तिथला एक उमेदवार युस्टेसच्या मनात भरला होता. तो भाषणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचा. मग देवाबद्दल, कुटुंबाबद्दल बोलायचा आणि बोलता बोलता बाहेरून आलेल्यांवर घसरायचा. ही माणसं घाण आणतात, रोग आणतात. आपले म्हातारे आईबाप यांच्या हातांत द्यायचे का? गर्दी गरजायची, नाही!

"बाहेरच्यांना शिव्या घालतोय मेला," त्याची बायको मार्सेलिना एकदा म्हणाली. "आपली पोर बाहेरचीच ना?"

"चोरून येतात त्यांच्याबद्दल बोलतोय तो. आपली पोर कागदपत्रं घेऊन गेलीय. शिवाय आपण ख्रिस्ती. देवळात जाणाऱ्याला तो कशाला बोलेल?"

"तिचा बाप्तिस्म्याचा दाखला तिच्या कपाळावर चिकटवलाय वाटतं!"

युस्टेस हसला आणि ते भाषण त्याने वसईकरांच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'असा नेता पाहिजे.' व्हॅलेरीही त्या ग्रुपवर होती.

दोन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, तिचा फोन आला.

"डॅडी, मला वॉर्डमधून काढलंय."

तिच्या वॉर्डात खुब्याचं हाड मोडलेला एक म्हातारा होता. जन्मभर शाळेची बस चालवलेला. पंधरा दिवस तिनेच त्याचं सगळं केलं. तो तिच्याशी थट्टा करायचा, वसईला खरंच घरामागे नारळ असतात का म्हणून विचारायचा. मग एका संध्याकाळी टीव्हीवर त्या उमेदवाराची सभा लागली. दुसऱ्या सकाळी व्हॅलेरी ड्रेसिंग बदलायला गेली, तर त्याने हात चादरीखाली ओढून घेतला.

"ओरडला वगैरे नाही, डॅडी. घाबरला होता. खरंच घाबरला होता मला. म्हणाला, मला यांच्या हातांत का देता? आणि परवा तो माझ्यावर थुंकला."

तिने लेखी तक्रार दिली. हॉस्पिटलने तिच्याच सुरक्षिततेसाठी म्हणून तिला तळघरातल्या स्टोअरमध्ये बसवलं. मॅनेजरबाई गोड बोलली. तक्रार मागे घे, गैरसमज झाला असं लिहून दे, निवडणूक झाली की वॉर्डात परत घेऊ. नाहीतर व्हिसा रिन्यू करायची वेळ जवळ आलीच आहे, विचार कर. सोमवारपर्यंत सांग.

"काय करू?"

युस्टेसला विचार करावा लागला नाही. "मागे घे. म्हातारा, आजारी माणूस तो. सही करून मोकळी हो. चार दिवसांत लोक विसरतात. मी आयुष्यभर हेच केलं, माझं काय वाईट झालं?"

"तुम्ही ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ मी पाहिला होता. तेच वाक्य होतं, डॅडी."

"ते तुझ्याबद्दल नव्हतं गं."

"त्या पेशंटला हे कुणी सांगितलं नाही."

शनिवारी हॉटेलात मोठं लग्न होतं. युस्टेसने नेहमीसारखी यादी केली. कुणी हॉलमध्ये पाहुण्यांसमोर वाढायचं आणि कुणी आत पँट्रीत राहायचं, हे तोच ठरवायचा. त्याचा नियम कुठे लिहिलेला नव्हता. गोरी, उजळ पोरं बाहेर, काळी आत. पार्टीला बरं दिसावं म्हणून. तलासरीची लीना सहा वर्षं आतच होती.

ती ग्लास पुसत होती. युस्टेसला राहवेना. त्याने व्हॅलेरीचं सगळं तिला सांगून टाकलं.

"अरेरे," लीना म्हणाली. "थुंकला? बिचारी."

"तू असतीस तर? घेतली असतीस तक्रार मागे?"

"मी दिलीच नसती, अंकल."

"का?"

"देणार कुणाकडे? आपल्याकडे तक्रार सुपरवायझरकडे द्यायची असते." तिने ग्लास उजेडात धरून पाहिला आणि हसली. "म्हणजे तुमच्याकडे."

"अगं, यादी तुझ्याबद्दल नसते..." युस्टेस म्हणाला आणि तिथेच अडकला.

लीनाने दुसरा ग्लास उचलला. "असू द्या, अंकल. तुम्ही मनाने चांगले आहात. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात."

तो मागच्या दाराने बाहेर पडला. भाजीच्या गाड्या लागतात तिथे उभं राहून त्याने फोन लावला. तिकडे सकाळ होती, व्हॅलेरी स्टोअरमध्ये होती.

"व्हॅल, सही करू नको. मी चुकीचं सांगितलं."

"कालच केली."

"सोमवारपर्यंत वेळ होता ना?"

"तुम्ही सांगितलंत, मग थांबू कशाला? पेशंटचं इंग्लिश मला नीट समजलं नाही, असं लिहून घेतलं माझ्याकडून." ती हसल्यासारखी झाली. "मला! मी घरी मराठीत उत्तर देत नाही म्हणून तुम्ही रागवायचात."

"मग परत जा. सांग, बापाने चुकीचा सल्ला दिला. माझं नाव घाल."

"तसं नाही होत, डॅडी. इथे एक फिलिपिनो मुलगी आहे. तिचाही त्या म्हाताऱ्याने हात झटकला होता. ती म्हणाली होती, तू ठाम राहिलीस तर मी पण देते तक्रार. काल तिने दिली. तिच्यासमोर माझा कागद ठेवला त्यांनी."

"मग?"

"मग काय. ती माझ्याशी बोलत नाही."

फोन तिनेही ठेवला नाही, त्यानेही नाही. मग तिकडे कुणीतरी हातमोज्यांचा खोका मागितला. 'येस मॅडम' म्हणत व्हॅलेरी उठल्याचं त्याला ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.