बाबांच्या खोलीचं दार

माझे वडील आमच्याकडे बिबवेवाडीला राहायला आले, त्याच महिन्यात त्यांच्या खोलीचं दार वाऱ्याने धाडकन आपटलं आणि लॅच अडकून बसलं. सुतार येईपर्यंत पाऊण तास बाबा आत आणि मी बाहेर. ते आतून मला धीर देत होते आणि मी बाहेर रडत होते. सुताराने लॅच काढूनच टाकलं, तरी तो पाऊण तास काही माझ्या मनातून जाईना. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, अधूनमधून चक्कर येणारा. यापुढे हे दार सदैव उघडं राहील, असा वटहुकूम मी काढला.

मग स्टॉपर शोधणं आलं. रबराची पाचर आमच्या गुळगुळीत फरशीवर दारासकट घसरत जाई. एका दुकानात लोहचुंबकाचा स्टॉपर दिसला. "याला भिंतीला भोक पाडावं लागेल का?" असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "नाही, नुसती विनंती केली तरी चिकटतो." मी तो घेतला नाही. शेवटी मिक्सर आल्यापासून ओट्याखाली पडून असलेला पाट्याचा वरवंटा बाहेर काढला आणि दाराला टेकवला. दार तसूभर हललं नाही. मी खूश झाले.

बाबा मात्र खूश नव्हते. दुपारी जेवल्यावर दार लावून तासभर पडायचं, ही त्यांची जन्माची सवय. वरवंटा बाजूला करायचा तर वाकायला हवं, आणि वाकलं की चक्कर. म्हणजे दार लावणं न लावणं सगळं माझ्या हाती. "तुरुंगात निदान दार लावून तरी घेतात," एवढंच ते म्हणाले. मी ते हसण्यावारी नेलं. होईल सवय, असं मला वाटलं.

एका सकाळी कामाच्या बाई हॉलमध्ये फरशी पुसत होत्या. मी चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेले तर ते पलंगावर नाहीत, खुर्चीतही नाहीत. उघडं दार आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत, एका हाताने दाराची कड धरून, एका पायावर उभे राहून ते पायजमा बदलत होते. मी पाय न वाजवता मागे फिरले. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. ते पडू नयेत म्हणून मी केलेल्या सोयीपायीच त्यांना असं उभं राहावं लागत होतं.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, दाराचं दुसरं काहीतरी करू या."

"या खेपेला मला विचारणार आहात का?" बाबा रागावले की मला अहोजाहो करतात.

विचारलं. त्यांना सगळं आधीच सुचलेलं होतं. मुलाच्या जुन्या जीन्सचा एक पाय कापून मी त्याची पिशवी शिवली, शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनकडून वाळू मागून आणली, ती पिशवीत भरून तोंड कमरेइतक्या लांब दोरीने आवळून बांधलं. बाबा खुर्चीत बसून दोरी ओढून बघत होते. "जड आहे. दोन मुठी काढ." मी काढली. "आता फार हलकी झाली. एक मूठ घाल." चौथ्या खेपेला त्यांचं समाधान झालं. न वाकता पिशवी सरकत होती आणि दारही धरून ठेवत होती. मला इतका उत्साह आला, की दोरीच्या टोकाला मी एक लाकडी मणीही ओवला. "हे कशाला?" असं म्हणत त्यांनी तो ठेवून घेतला.

त्या दुपारी जेवण झालं. थोड्या वेळाने पिशवी फरफटल्याचा आवाज आला आणि दार लागलं. हातातली भांडी तशीच टाकून मी दाराशी जाऊन उभी राहिले. आत अगदी शांत होतं. मी दारावर हात ठेवला. नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं.

"श्वास चालू आहे," आतून आवाज आला. "जा, तूही पड जरा."

मी हात काढून घेतला. "बरं, बाबा," म्हटलं आणि जाऊन आडवी झाले. ते आल्यापासून दुपारचा माझा डोळा लागला नव्हता. चार वाजता बाबांनीच मला उठवलं.