तीन शब्दांची हजेरी

एका बोलत्याचालत्या सुनेचं नाव मी रेशनकार्डाच्या अर्जावर ‘मुकी’ असं लिहिलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी. ए. होऊन शहापुरात रिकामा हिंडत होतो. अक्षर बरं म्हणून तहसील कचेरीनं डोंगराकडच्या वाड्यांवर लोकांचे अर्ज भरायला मला पाठवलं. डोळ्यांवर नवा गॉगल, खिशाला दोन पेनं आणि वाडीतली एकुलती एक खुर्ची माझ्या बुडाखाली. सून दाराआड उभी होती. मी सासूला विचारलं, “हिचं नाव?” सासू वैतागून म्हणाली, “मुकी हाय ती.” लग्न होऊन चार दिवस झालेली पोर अजून कोणाशी धड बोलली नव्हती, एवढंच तिला म्हणायचं होतं. मी वळणदार अक्षरात ‘मुकी गोमा वाघ’ लिहिलं आणि पुढच्या घराकडे वळलो. कार्ड तसंच छापून आलं.

ही चूक पकडली अंगणवाडीच्या बाईंनी. बाई शेणव्याकडच्या बौद्धवाडीतल्या. रोज चढण चढून वाडीवर यायच्या, काखेत छत्री आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हजेरी. त्यांची एक खोड होती. कोणालाही तीन शब्दांशिवाय हाक मारायची नाही. नाक गळणारं तीन वर्षांचं पोरसुद्धा त्यांच्याकडे ‘काळू बुध्या पारधी’ असायचं, आणि ते ‘हजर’ म्हटल्याशिवाय त्याच्या ताटलीत खिचडी पडायची नाही. मोळी घेऊन चाललेल्या म्हाताऱ्याला त्या विचारायच्या, “लक्ष्या धावू पारधी, बरं हाय ना?” सुरुवातीला म्हातारा मागे वळून बघायचा, हा आणखी कोण आला म्हणून. पुढे पुढे मोळी खाली ठेवून, टोपी सारखी करून उत्तर द्यायला लागला.

“एका शब्दाला बैल पन मान वळवतो रे,” बाई मला म्हणाल्या होत्या. “मानसाला तीन लागतात. आमच्या आज्याचं नाव कागदावर नुसतं ‘कचऱ्या’. पुढं बाप नाय, आडनाव नाय. माझ्या बापानं दीक्षा घेतली तवा घरातली सगळी नावं सरळ केली. देव सोडले ते गावाला दिसलं. नावं सरळ केली ते कुनाच्या ध्यानात नाय.”

इकडे सुनेचे हाल सुरू झाले होते. रेशनवाला ओरडायचा, “मुकी!” रांग हसायची. ती “ओ” म्हणायची, तेव्हा रांग आणखी हसायची. मग ती रांगेत जाईना. मग पाणवठ्यावरही कोणाशी बोलेना. बाईंनी मला शहापूरच्या एसटी स्टँडवर चहा पिताना गाठलं.

“नाव तू लिवलंस ना? मंग तूच सरळ कर. चांगुणा हाय तिचं नाव. नायतर ती पोर खरंच मुकी व्हईल.”

मी चहा टाकून दुरुस्तीचा अर्ज लिहिला. खबरदारी म्हणून ‘मुकी ऊर्फ चांगुणा’ असं लिहिलं. नवं कार्ड खबरदारीसकट आलं. बाईंनी ते लांब धरून वाचलं. “ऊर्फ चोराला लावतात,” त्या म्हणाल्या. “पोरीनं काय चोरलंय?”

त्यापुढची काही वर्षं दाखले, शिक्के आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ यांत गेली. बाई चढणीवर दोनदा बसायला लागल्या, पण कचेरीत यायचं चुकवलं नाही. शेवटी एकदा खिडकीतून प्रश्न आला, “कोणाचं नाव दुरुस्त करायचंय?” मी तोंड उघडलं. बाईंनी छत्रीचं टोक माझ्या पायावर ठेवलं. “तू गप. नाव तिचं हाय.”

चांगुणा पुढे झाली. वाडीत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती पुटपुटली, “चांगुणा... वाघ.”

“मधला शब्द गिळू नको,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदाही तो गिळला गेला. तिसऱ्यांदा मात्र तिनं डोळे मिटले आणि “चांगुणा गोमा वाघ” असं इतक्या मोठ्यानं म्हणाली की कचेरीतला टाइपरायटर थांबला. बाहेर सावलीला बसलेला गोमा दचकून “ओ” म्हणाला.

कार्ड हातात पडलं तोवर बाईंच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. चांगुणा आणि मी शेणव्याकडे गेलो. तिनं कार्ड बाईंच्या डोळ्यांसमोर धरलं. बाईंचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. चांगुणा खाटेच्या कडेला बसली आणि सावकाश वाडीची हजेरी घ्यायला लागली. काळू बुध्या पारधी. चांगुणा गोमा वाघ. प्रत्येक नावाला बाई डाव्या हाताचं बोट उचलायच्या. “लक्ष्या धावू पारधी,” चांगुणा म्हणाली आणि थांबली. “तो गेला बाई. भात कापनीच्या टायमाला.” अर्धवट उचललेलं बोट हळूच खाली आलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा होतो. महिना कोणता होता ते आजही सांगता येणार नाही.

बाई त्यानंतर पंधरा दिवसांनी गेल्या.

वाडीवर अंगणवाडीतच शोकसभा ठेवली. अक्षर बरं म्हणून फळा पुन्हा माझ्याकडे. मी ‘कै.’ लिहिलं. बाईंचा भाऊ हलकेच म्हणाला, “आमच्यात कालकथित लिवतात.” मी पुसलं, ‘कालकथित’ लिहिलं आणि खडू तिथेच थांबला. पुढे काय लिहायचं? आम्ही सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत होतो. एकाच शब्दात. त्यांनी आपलं नाव कधीतरी माझ्यासमोर सांगितलंही असेल. मी तेव्हा बहुधा अर्जाच्या पुढच्या रकान्यात होतो.

मी मागे वळून विचारलं, “बाईंचं पूर्ण नाव काय?”

भाऊ उत्तर देणार, तेवढ्यात चांगुणा उठली. खिडकीपुढे बोलली होती तशीच बोलली, “शेवंता काशिनाथ भालेराव.”

मी लिहिलं. अक्षर वळणदार आलं नाही. वाडीवर सगळ्यांनाच एकेरी बोलतात, साहेबालाही. चांगुणानं फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“इतकी वर्सं बाईसंग हिंडलास, नाव नाय इचारलंस तिचं? मुका हायस का रे?”