आधी मी फुंकतो

नगर जिल्ह्यात माझ्याइतके पायलट कुनी उचलले नसतील. हाटेलापासून विमानतळाच्या गेटापातूर, तेवढेच. म्होरं ते उडत्यात आन मी टपरीवर चहा पितो.

त्यातल्याच एकानं त्या सकाळी मागच्या सीटवरनं स्टीलची बाटली माझ्या तोंडावर हानली. भरलेली. गाडी चालू हुती. ऐंशीनं. म्होरं उसाची डबल ट्रॉली. मी माझ्याच इनोदावर हसत मान मागं वळवली हुती, तोंड उघडं हुतं. म्हंजी दातांची सोय मीच करून दिली.

दोन दात गेले. एक खाली मॅटवर पडला. दुसरा मी गिळला. मॅटवर रगत बघून पैला ईचार काय आला सांगू? ही मॅट आता मलाच धुवायची. आसला मी.

"आगे देख, कुत्ते," कॅप्टन साहेब म्हनला.

मी म्होरं बघितलं. स्टेरिंग धरलं. साहेबाच्या शेजारी धाकटी पायलट मॅडम बसलेली, सावेडीची पोरगी. आरशात मला तिचे डोळे दिसले. तिनं ते मोबाईलवर नेले.

आता मी काय बोल्लो ते सांगतो. माझी बी चूक हाय त्याच्यात.

मी चौथी नापास. पन दोन वरीस ही गाडी चालवून मला पायलट लोकांचा सगळा धंदा कळला. त्यांना वाटायचं ड्रायव्हरला कान नसत्यात. मागं बसून सगळं बोलायचे. पैल्यांदा लायसन काढायचं, त्यात घरदार झिजतं. मंग धाकटं विमान, पंख्याचं. त्याच्यावर उजव्या खुर्चीत बसून तास भरायचे. डाव्या खुर्चीत कॅप्टन. तो म्हनंल त्याला व्हय म्हनायचं, कारन तो वहीत शेरा लिवतो. लई तास भरले की डावी खुर्ची. तिथं आनखी तास. मंग मोठी कंपनी, मोठं विमान, दुबई, लंडन. आमचा जिल्हा म्हंजी ह्यांच्या जिन्याची एक पायरी. पायरीवर पाय पुसायचा आन वर जायाचं. पायरीचं नाव कोन इचारतंय.

कॅप्टन साहेब शेवटच्या पायरीवर हुता. मोठ्या कंपनीनं बोलावलं हुतं. कागद गेल्ते. रोज फोनवर एकच, रेकॉर्ड साफ पायजे, डाग नको. आन रोज रातच्याला बाटली.

विमान उडवायच्या आधी पायलटला डॉक्टरच्या खोलीत जाऊन मशिनीत फुंकावं लागतं. वर कॅमेरा. पोटात दारू आसली की मशीन वरडतं. मंग तीन म्हैने घरी, आन डाग पडला तो पडला.

म्हैन्यापूर्वी आसंच झालं हुतं. साहेबाच्या तोंडाला वास, त्याच्यावर सेंटाचा वास, त्याच्यावर पुदिन्याच्या गोळीचा. मधीच म्हनला, गाडी थांबव, पंक्चर कर. मी हसत हसत टायरची हवा सोडली. दीड तास साहेब उसाच्या कडंनं फेऱ्या मारत, पानी पीत, ओकत ऱ्हायला. मंग आमी गेलो. मशीन गप ऱ्हायलं. साहेबानं खूश हून त्याचा जुना काळा चष्मा मला दिला. मी तो घालून राहुरीच्या बाजारात फिरलो. घरी गेलो तर बायको, रूथ, म्हनली, "आंधळा दिसताय."

आंधळाच हुतो. त्या विमानात मानसं बसत्यात, लेकरं बसत्यात, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. मला चष्मा मिळाला हुता.

तर त्या दिवशी साहेब परत म्हनला, "पंक्चर कर." ह्या खेपंला वास दुप्पट. आन मालकानं, आप्पानं, मागल्या पंक्चरवरनं मला आईभैनीवरनं शिव्या दिलेल्या. मी म्हनलं, "न्हाई जमायचं साहेब." एवढ्यावर थांबायचं ना? पन आपल्याला हसवायची खाज. मी म्हनलं, "साहेब, तुमीच गाडीचं बोनेट उघडून आत फुंका. आज डिझेल न टाकता गाडी पोचंल."

मॅडमला हसू आलं. एवढंस्सं. ते साहेबानं बघितलं. मंग बाटली.

म्होरचा अर्धा तास मी गाडी चालवली. मी रगत गिळत ऱ्हायलो. खिडकीतनं थुकलो आसतो तर साहेबाच्या बाजूच्या काचंवर उडालं आसतं. आता वाटतं, उडू द्यायचं हुतं.

गेटाशी गाडी थांबली. साहेब उतरला, टोपी नीट केली आन एकदम वरडाया लागला. कंपनीचा ड्युटीवरला साहेब पळत आला. सामान चढवनारे लोडर आले, शिपाई आला, टपरीवर बसलेला आप्पा आला.

"ड्राइवर पिया हुआ है! खुद स्टीयरिंग पे गिरा, देखो मुँह. जान जाते जाते बची. मेरा बीपी बढ़ गया है. मैं आज फ्लाय नहीं करूँगा."

डोकं बघा. आजारी म्हनून परत जायाचं. मशिनीत फुंकायचंच न्हाई. साहेब साफ, रेकॉर्ड साफ, आन घान सगळी माझ्या तोंडाला.

आन लागली बी आसती. कारन मी पियाचो. खोटं कशाला. लई पियाचो. तिसगावात गटारीत पडलेलो, लोकांनी फोटू काढलेले. रूथ दोन्ही पोरी घिऊन म्हायेरी गेल्ती. मंग मी सोडली. देवळात, म्हंजी आमच्या चर्चात, फादरम्होरं हात ठिऊन सोडली. सात वरीस झाले, थेंब न्हाई. रूथ आली, पन येताना म्हनली, "परत एकदा आयकलं ना, तर मी परत यायची न्हाई." ती बोल्ली की बोल्ली.

ड्युटीवरल्या साहेबानं मॅडमला इचारलं, "काय झालं?"

कॅप्टन नसला की ती मला काका म्हनायची. तिच्या आईनं केलेल्या शेंगदान्याच्या वड्या द्यायची. कॅप्टन आसला की, ड्रायव्हर.

मॅडम म्हनली, "मी फोनवर होते. मला काही दिसलं नाही."

माझ्या तोंडातनं रगत गळत हुतं आन तिला काय दिसलं न्हाई.

आप्पानं म्होरं यून कानफटात हानली. मंग दुसरी. जिथं दात गेल्ता तिथंच. डोळ्याम्होरं पांढरं झालं. "गावकुसाभायरचं बेनं, गाडीवर बसिवलं आन हे पांग फेडले! कान धर. साहेबाच्या पाया पड."

लोडर बघत हुते. त्यातले दोघं हसले. आमी रोज संगं चहा प्यायाचो.

खरं सांगतो, मी कान धरले. वाकलो बी. आमच्या बापानं आप्पाच्या बापाम्होरं वाकून जन्म काढला, मला वाकाया शिकवायची गरज नव्हती. साहेबाचे बूट दिसत हुते, काळे, चकचकीत. हात बुटाला लागायला ईतभर ऱ्हायला हुता.

आप्पा म्हनला, "आन ह्याच्या बायकूला फोन लावतो. तिला बी कळू दे, गड्यानं परत सुरू केली."

त्यानं मोबाईल काढला.

मी उठलो. आंगात काय आलं म्हाईत न्हाई. आप्पाच्या हातातला मोबाईल हिसकला आन डांबरावर आपटला. काच फुटली. आप्पा गपकन मागं सरला. चाळीस वरसात माझ्या भ्यानं मानूस मागं सरलेलं मी पैल्यांदा बघितलं.

डॉक्टरची खोली ऑफिसाच्या बाजूलाच. दार उघडं. मी आत घुसलो. पोरसवदा डॉक्टर चहा पीत हुता.

"मला फुंकवा," मी म्हनलं.

"तू क्रू नाहीस."

"न्हाई. पन तोंड हाय मला."

तो माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायला. मागं शिपाई, ड्युटीवरला साहेब, सगळे दारात. डॉक्टरनं मशिनीला नवी नळी लावली. मी फुंकलो. रगताचे फुगे आले. नळी निसटली, परत फुंकलो. मशीन पीं करून गप झालं.

"झीरो," डॉक्टर म्हनला.

शाळंत बी मला शून्यच मिळायचं. पन गुरुजी त्याच्याबद्दल हानायचे. आयुष्यात पैल्यांदा शून्यावर पास झालो.

मी म्हनलं, "आता त्यांना."

भायेर कॅप्टन साहेब गाडीचं दार उघडत हुता, परत हाटेलात जायाला. मी पळत जाऊन दाराला पाठ लावून हुभा ऱ्हायलो. चावी माझ्या मुठीत. त्यानं पोटात बुक्की घातली. मी दुमडलो, पन दार सोडलं न्हाई. त्यानं गुडघ्यावर बूट हानला. मी दार सोडलं न्हाई. तिसऱ्यांदा त्यानं हात उगारला, तवा मी तो मनगटात धरला. दूधवाल्याच्या पोराचा हात हाय माझा, ल्हानपनापासनं म्हशी वडल्यात. पिरगाळला. साहेब गुडघ्यावर आला. हाड कुरकुरलं. मोडला न्हाई. पन आनखी जराशानं मोडंल हे त्याला बी कळलं आन मला बी. आन मला ते ग्वाड वाटलं. लपवीत न्हाई.

"डॉक्टर, ह्यांना फुंकवा," मी वरडलो. "मी फुंकलो! चौथी नापास ड्रायव्हर फुंकला! ज्याला मानसं घिऊन वर जायाचंय, त्यानं बी फुंकायचं!"

ड्युटीवरला साहेब हळूच म्हनला, "सर, तुम्ही युनिफॉर्मवर हजर झालायत. आता नाही म्हणालात तर फेलच धरतात."

साहेबानं फुंकलं. मशीन वरडलं. पंधरा-वीस मिनटानं परत फुंकवलं. परत वरडलं.

विमान काय त्या येळंला उडालं न्हाई. आत पाशिंजर शिव्या देत हुते. मला. कुनीतरी त्यांना सांगितलेलं, ड्रायव्हरमुळं उशीर झाला.

आप्पानं चावी घेतली. म्हनला, "तू पिला नव्हतास, मान्य. पन कॅप्टनला हात लावलास." टपरीच्या मागं त्याच्या दुसऱ्या दोन ड्रायव्हरनी मला धरून तुडिवला. संगं डबा खायाचो आमी. एक बरगडी गेली. मी पालथा पडल्यालो आन ते म्हनत हुते, "माफ कर रं, आप्पा बघतोय." मारताना बी माफी मागत्यात आपली मानसं. आन हात थांबवत न्हाईत.

आता मी राहुरीत दुधाचा टेम्पो चालवतो. दुधाला दात दिसले काय, न दिसले काय.

गेल्या आठवड्यात सकाळी दारात कार थांबली. मॅडम. हातात पेढ्याचा बॉक्स. मोठ्या कंपनीत लागली, उजव्या खुर्चीवर. रूथ ओट्यावर कॅन भरत हुती.

"काका," मॅडम म्हनली, "माझे बाबा शिक्षक आहेत हो. सगळं माझ्यावर लावलंय त्यांनी. त्या दिवशी मी बोलले असते तर कॅप्टननी माझं सगळं संपवलं असतं."

"आन कॅप्टनचं काय झालं?"

"तीन महिने घरी होते. आता परत उडतायत. ती मोठी नोकरी मात्र गेली त्यांची." तिनं बॉक्स म्होरं केला. "घ्या ना."

मी हात मागं घेतला.

"मॅडम, तुमचं सगळं वाचलं. चांगलं झालं. माझे दात गेले, बरगडी गेली, काम गेलं. तुमी एकच वाक्य बोल्ला आसता. त्यानं मारलं, एवढंच. तुमी उद्या डाव्या खुर्चीत बसचाल. तवा उजव्या खुर्चीतली पोरगी तुमच्या भ्यानं गप बसंल. पेढे तिच्यासाठी ठिवा."

तिचं तोंड पडलं. रडली बी जराशी. मी गप केलं न्हाई. आदी केलं आसतं, एखादा इनोद मारून हसिवलं आसतं. गाडी गेली, धुराळा बसला, तरी मी तिथंच हुभा. आन मोठ्यानं बोल्लो, गल्लीला आयकू जाईल आसं:

"गाडी चालवीन. हसवीन. माझी चूक आसंल तर कान धरीन. पन दुसऱ्याची घान माझ्या तोंडाला लावाया जो हात यील, तो मी धरनार. आन ह्या खेपंला सोडनार न्हाई. मोडनार!"

रूथनं कॅन टेम्पोच्या फळीवर आदळला.

"हात मोडनार म्हनं. काल कॅनचं झाकन निघंना तुमच्यानं. टेम्पो काढा, दूध नासतंय."